आलेला मजकूर एआयनं लिहिलाय का, हे तपासताना

संशयास्पद मजकूर हातात पडला की आम्ही आधी मूळ फाइल मागतो. पीडीएफ आली असेल किंवा मेलमध्येच मजकूर चिकटवलेला असेल, तर लेखकाला वर्डची फाइल किंवा बदलांचा इतिहास दिसेल अशा परवानगीसकट गूगल डॉक्सची लिंक पाठवायला सांगतो. डिटेक्टर, म्हणजे मजकूर एआयचा असल्याचा अंदाज आकड्यात सांगणारं साधन, बराच नंतर उघडतो. हा क्रम मुद्दाम ठेवलाय. एकदा का ‘८७ टक्के एआय’ असा आकडा समोर आला की पुढचं प्रत्येक वाक्य त्याच चष्म्यातून वाचलं जातं.

त्याही आधी, नेमकं काय शोधायचंय ते लिहून घ्यावं लागतं. अख्खा लेख यंत्राकडून उतरवून घेणं, स्वतःच्या लेखाचं शुद्धलेखन यंत्राकडून करून घेणं, दुसऱ्या भाषेत लिहून मराठी भाषांतर करून घेणं आणि नुसते मुद्दे विचारून लेखन स्वतः करणं, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. डिटेक्टर पहिल्या तिन्हींना बरेचदा एकाच मापानं मोजतो. नियमात भाषांतराला मुभा असेल आणि लेखकानं तेवढंच केलं असेल, तर आकडा कितीही आला तरी तक्रारीला जागा उरत नाही.

आता फाइल. वर्डची ‘डॉकएक्स’ फाइल म्हणजे खरं तर झिप असते. तिची एक प्रत काढायची, नावापुढचं ‘डॉकएक्स’ काढून ‘झिप’ लिहायचं आणि उघडायची. आत ‘डॉकप्रॉप्स’ नावाचं फोल्डर असतं. त्यातल्या ‘अ‍ॅप’ या एक्सएमएल फाइलमध्ये ‘टोटलटाइम’ या खुणेत संपादनाची एकूण मिनिटं नोंदलेली असतात. शेजारच्या ‘कोअर’ फाइलमध्ये फाइल कुणी आणि कधी तयार केली, शेवटचा बदल कधी झाला, हे मिळतं. दोन हजार शब्दांचा लेख आणि टोटलटाइम ३, याचा अर्थ मजकूर बहुधा दुसरीकडे तयार झाला आणि इथे चिकटवला गेला. अर्थ तेवढाच. फोनवरच्या नोट्समध्ये लिहून मग वर्डमध्ये आणणारे लोक भरपूर आहेत. उलट बाजूनंही फसगत होते. फाइल पडद्यावर उघडी ठेवून माणूस उठून गेला तरी मिनिटं वाढतात.

जास्त कामाची नोंद ‘आरएसआयडी’ची. वर्ड संपादनाच्या प्रत्येक सत्राला आठ अक्षरांचा एक यादृच्छिक क्रमांक देतं आणि त्या सत्रात घातलेल्या मजकुराला तो चिकटवतं. क्रमांकांची यादी ‘सेटिंग्ज’च्या एक्सएमएलमध्ये असते, तर कोणत्या तुकड्यावर कोणता क्रमांक आहे ते ‘डॉक्युमेंट’च्या एक्सएमएलमध्ये दिसतं. चार-पाच बैठकांत लिहिलेल्या लेखात हे क्रमांक मिसळलेले असतात. एखाद्या परिच्छेदाच्या पोटात मध्येच दोन शब्द वेगळ्या क्रमांकाचे निघतात, कारण माणूस दुसऱ्या दिवशी मागे जाऊन ते दोन शब्द बदलतो. एकगठ्ठा चिकटवलेल्या मजकुरात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बहुधा एकच क्रमांक चालतो. मात्र हे क्रमांक साठवण्याची सोय वर्डच्या सेटिंगमधून बंद करता येते, आणि गूगल डॉक्समधून उतरवलेल्या फाइलमध्ये असला इतिहास नसतोच. म्हणजे यादी रिकामी असणं हा कुणाविरुद्धचा पुरावा होत नाही.

गूगल डॉक्समध्ये आवृत्त्यांचा इतिहास उघडून मजकूर कसा वाढत गेला ते पाहायचं. आम्ही वाढीपेक्षा खोडण्याकडे जास्त लक्ष देतो. दुसरा परिच्छेद पाचवा होतो, उदाहरण काढून दुसरं घातलं जातं, शेवट दोनदा लिहिला जातो, असली उलथापालथ खऱ्या लेखनात दिसते. अलीकडे काही जण यंत्राचा मजकूर समोर ठेवून ओळीनं टाइप करतात. त्यात वाढ हळू असते, पण ती वरून खाली सरळ जाते आणि खोडणं फक्त टायपिंगच्या चुकांचं असतं.

यानंतर चॅटबॉटचं उत्तर जसंच्या तसं चिकटवताना राहून गेलेला कचरा. शीर्षकांपुढे हॅशची चिन्हं, ठळक करायच्या शब्दांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका, सुरुवातीला ‘नक्कीच! खाली सविस्तर लेख दिला आहे’ किंवा शेवटी ‘हवे असल्यास मी हा लेख आणखी सोपा करू शकतो’. वाचून हसू येतं, पण संपादकांच्या हातून तपासून गेलेल्या शोधनिबंधांतही चॅटबॉटची अशी वाक्यं छापून आलेली आहेत. मजकुरातल्या दुव्यांवर माउस नेऊन पूर्ण पत्ता पाहायचा. पत्त्याच्या टोकाला स्रोत म्हणून ‘चॅटजीपीटी डॉट कॉम’ लागलेलं असेल तर तो दुवा चॅटबॉटच्या उत्तरातून उचललाय हे पक्कं. मजकूर तिथूनच आला का, हे मात्र त्यावरून ठरत नाही. लेखकानं चॅटबॉटला फक्त संदर्भ विचारलेला असू शकतो.

अदृश्य चिन्हांच्या बाबतीत मराठीत वेगळीच गंमत आहे. ‘लपलेली एआय चिन्हं शोधा’ म्हणणारी फुकटची साधनं शून्य रुंदीची अक्षरं सापडली की लाल दिवा लावतात. पण ‘दुसर्‍या’, ‘वार्‍यावर’ अशा शब्दांतला अर्धा र अनेक कीबोर्ड झीरो विड्थ जॉइनर हे असंच एक अदृश्य चिन्ह घालूनच उमटवतात. माणसानं स्वतः टाइप केलेल्या मराठी लेखात ही चिन्हं डझनांनी असतात. साधनानं ती ‘साफ’ केली तर ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होतं आणि लेख बिघडतो तो वेगळाच. याच अर्ध्या र चा एक उपयोगही आहे. तो दोन तऱ्हांनी साठवला जातो, एक जॉइनर वापरून आणि दुसरा नुक्त्याच्या ‘ऱ’पासून. एक माणूस एका कीबोर्डवर सहसा एकच तऱ्हा वापरतो. लेखाच्या एका भागात पहिली आणि दुसऱ्या भागात दुसरी निघाली, तर मजकूर दोन ठिकाणांहून आलाय असं समजायला हरकत नाही. फक्त फोन आणि संगणक दोन्हींवर लिहिणाऱ्याचा विचार आधी करायचा.

संदर्भांची तपासणी कंटाळवाणी असते, पण सगळ्यात भक्कम माल तिथेच मिळतो. प्रत्येक डीओआय, म्हणजे शोधनिबंधाचा ऑनलाइन ओळखक्रमांक, उघडून पाहायचा. तो उघडला एवढ्यावर थांबायचं नाही, कारण बनावट संदर्भांमध्ये डीओआय खरा पण भलत्याच लेखाचा, असा प्रकार फार असतो. लेखक, वर्ष, नियतकालिक, पृष्ठं या चारही गोष्टी जुळवायच्या. पुस्तकाचा तेरा अंकी आयएसबीएन, म्हणजे ओळखक्रमांक, असेल तर त्या अंकांना डावीकडून आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणायचं आणि बेरीज करायची; ती दहानं भागली गेली नाही तर क्रमांक चुकीचा. भागली गेली तरी निश्चिंत होता येत नाही, कारण मनानं ठोकलेला क्रमांकही दहात एकदा योगायोगानं बरोबर येतो. अवतरणचिन्हांतली वाक्यं मूळ ग्रंथात शोधायची. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात ‘माता विरुद्ध एव्हियान्का’ या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले होते. पाच हजार डॉलरचा दंड झाला. तिथे कुणाला डिटेक्टर लागला नाही. निवाडे शोधले, सापडले नाहीत. बनावट संदर्भ सापडला की तो यंत्रानं रचला की माणसानं, हा प्रश्न दुय्यम होतो. संदर्भ खोटा, एवढंच कारण लेख परत पाठवायला पुरतं.

मग वाचन. ‘वाचलं की लगेच कळतं’ असं सांगणाऱ्यांवर आमचा फारसा विश्वास नाही. खुणा असतात, पण एकेकटी खूण पोकळ असते. यंत्राच्या मराठीत निर्जीव गोष्टी सतत काहीतरी ‘अधोरेखित’ करतात, ‘आठवण करून देतात’, ‘महत्त्वाची भूमिका बजावतात’. विशेषणं तिनाच्या जुडग्यात येतात, ‘सुलभ, वेगवान आणि प्रभावी’. ‘हे केवळ अमुक नसून तमुक आहे’ हा साचा पानात तीन-चारदा दिसतो. कर्मणी रचना आणि ‘द्वारे’ यांची रेलचेल असते. गंमत म्हणजे यातलं निम्मं सामान सरकारी पत्रकं, संस्थांचे अहवाल आणि समारंभातली भाषणं यांत कितीतरी वर्षं सुखानं नांदतंय. तसल्या भाषेवर वाढलेला माणूस तसंच लिहिणार.

मराठीपुरती थोडी जास्त बोलकी खूण म्हणजे लिंग. ‘पुस्तक’ आणि ‘आवाज’ हे शब्द हिंदीत स्त्रीलिंगी आहेत, मराठीत नाहीत. लेखात इतर भाषा सफाईदार आणि मध्येच ‘ही पुस्तक’, ‘तिची आवाज’ आलं, तर यंत्राच्या मराठीत हिंदी झिरपल्याची शक्यता असते. दिवसभर हिंदीत बोलणाऱ्या माणसाकडूनही हेच होतं, पण मग त्याच्या बाकीच्या वाक्यांतही हिंदीची सावली दिसते. दुसरी खूण ‘केले’ आणि ‘केलं’ यांची. माणूस जोशात आला की प्रमाण रूप सोडून बोलीच्या रूपाकडे घसरतो आणि पुढच्या परिच्छेदात पुन्हा सावरतो. यंत्र बहुधा एकच रूप शेवटपर्यंत धरून ठेवतं. चांगला मुद्रितशोधकही नेमकं तेच करतो, त्यामुळे तपासून आलेल्या मजकुरात ही खूण बाद.

आम्ही सर्वांत जास्त वजन देतो ते मजकूर कुठे रेंगाळतो आणि कुठे घाईत पुढे सरकतो याला. एक उदाहरण घेऊ. एक गियर असलेल्या सायकलच्या देखभालीवरचा लेख आहे. त्यात ‘साखळीचा ताण योग्य राहील याची काळजी घ्यावी’ असं वाक्य येतं आणि लेख लगेच सायकल चालवण्याच्या आरोग्यदायी फायद्यांकडे वळतो. हातानं साखळी बसवलेला माणूस इथे थांबेल. साखळीच्या मधोमध बोटानं दाबलं की ती साधारण अर्धा इंच हलली पाहिजे, पेडल पूर्ण एक फेरा फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधून तिथे मोजायचं, आणि चाकाचे नट आवळताना चाक तिरकं होतं म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आवळायचं, हे सांगितल्याशिवाय त्याला राहवणार नाही. तपशील यंत्रही देतं, मागितला तर भरपूर देतं. पण न मागता नेमका कुठे द्यावा हे त्याला सहसा साधत नाही. सगळ्या मुद्द्यांना सारखीच उंची मिळते. अर्थात विषय कच्चा असलेला विद्यार्थीही असंच लिहितो, म्हणून या टप्प्यावर आम्ही निष्कर्ष काढत नाही. ज्या जागी लेख घाईनं सरकला त्या जागा समासात खूण करून ठेवतो. त्या पुढे लेखकाशी बोलताना लागतात.

शब्दांची मोजदाद एका लेखावर चालत नाही, ढिगावर चालते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०१० ते २०२४ या काळातले वैद्यकीय शोधनिबंधांचे दीड कोटीहून अधिक सारांश घेऊन, चॅटजीपीटी आल्यावर कोणते इंग्रजी शब्द अचानक फुगले ते मोजलं होतं. २०२४ मधल्या निदान १३.५ टक्के सारांशांवर भाषा मॉडेलचा, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या यंत्राचा, हात फिरलाय असा अंदाज त्यातून निघाला. पण त्यातला अमुक एक सारांश यंत्राचा की माणसाचा, हे त्या पद्धतीनं सांगता येत नाही. तशी ती वापरायचीही नसते.

आता डिटेक्टर. अनेकांच्या मुळाशी ‘पर्प्लेक्सिटी’ असते, म्हणजे पुढचा शब्द मॉडेलला किती अनपेक्षित वाटला याची सरासरी. मॉडेल प्रत्येक तुकड्याला (शब्द किंवा त्याचा भाग) सरासरीनं वीसात एक इतकी शक्यता देत असेल तर पर्प्लेक्सिटी २०. आकडा कमी, तेवढा मजकूर मॉडेलच्या अंगवळणी पडलेला. २०१९ मध्ये आलेलं ‘जीएलटीआर’ नावाचं साधन हेच रंगांत दाखवायचं. मॉडेलच्या पहिल्या दहा अंदाजांतला शब्द हिरवा, पहिल्या शंभरातला पिवळा, हजारातला लाल, त्यापलीकडचा जांभळा. चांगल्या-वाईट वाक्यांना रंग कसे पडतात हे समजून घ्यायला असं साधन अजूनही उत्तम. पुढचे डिटेक्टर याला वाक्यांच्या लांबीतली चढउतार जोडतात, दोन मॉडेलांच्या अंदाजांची तुलना करतात किंवा माणसाचे आणि यंत्राचे नमुने दाखवून वर्गीकरण शिकवतात.

अडचण उघड आहे. सोपं, सरळ, ठरावीक शब्दसंग्रहातलं लेखन पर्प्लेक्सिटीत कमी भरतं, मग ते कुणीही लिहिलेलं असो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टरांना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध दिले, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले. सरासरी ६१.३ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकन शाळकरी मुलांच्या निबंधांवर तेच डिटेक्टर जवळपास अचूक होते. अमेरिकेची राज्यघटना दिल्यावर काही डिटेक्टरांनी ती यंत्रानं लिहिली असं उत्तर दिलं होतं, तेही पर्प्लेक्सिटी कमी भरल्यामुळेच. तो मजकूर मॉडेलनं शिकताना इतक्या वेळा पाहिलेला असतो की त्याला त्यात काहीच अनपेक्षित वाटत नाही. खुद्द ओपनएआयनं जानेवारी २०२३ मध्ये काढलेला डिटेक्टर एआयचा २६ टक्के मजकूर ओळखायचा आणि माणसाच्या ९ टक्के मजकुरावर खोटा ठपका ठेवायचा. हे आकडे कंपनीनंच जाहीर केले होते. जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून तो मागे घेतला.

मराठीत गोष्ट आणखी बिकट आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच असतो. इंग्रजीवर घडलेलं जुनं मॉडेल शब्द समजून न घेता बाइटांचे तुकडे मोजत बसतं. त्यातले बरेच तुकडे आपोआपच ओळखू येण्याजोगे असल्यानं पर्प्लेक्सिटी खोटी खोटी खाली येते. दुसऱ्या एखाद्या साधनात मॉडेलला मराठी इतकी कमी येते की सगळंच अनपेक्षित ठरतं आणि यंत्राचा मजकूर ‘माणसाचा’ म्हणून सुटतो. एकाच लेखाला दोन साधनं दोन टोकांचे आकडे देतात ती अशी. लेख इंग्रजीत भाषांतरित करून डिटेक्टरला देणं हा तर शुद्ध वेडेपणा. त्यात तपासलं जातं ते भाषांतराचं यंत्र.

तरीही डिटेक्टर वापरायचाच असेल तर आधी त्यालाच तपासतो. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी खुलं झालं. त्याआधीचे, त्याच प्रकारचे आणि साधारण त्याच लांबीचे मराठी लेख गोळा करायचे, निदान पन्नास. ते सगळे डिटेक्टरमध्ये घालायचे आणि किती जणांवर खोटा ठपका येतो ते मोजायचं. मग तेवढेच लेख वेगवेगळ्या चॅटबॉटांकडून त्याच विषयांवर लिहून घ्यायचे, त्यातल्या निम्म्यांवर माणसाचा हात फिरवायचा आणि किती सुटतात ते पाहायचं. तीनशे शब्दांहून लहान मजकूर या चाचणीत घ्यायचाच नाही.

हा आकडा हातात आल्यावर साधं गणित करायचं. हजार लेख आले आणि त्यातले शंभर खरोखर यंत्राचे आहेत असं धरू. साधन ८० टक्के पकडतं आणि ५ टक्के खोटे ठपके ठेवतं. म्हणजे ८० बरोबर पकडले आणि उरलेल्या ९०० पैकी ४५ निर्दोष लेख अडकले. एकूण ठपका १२५ लेखांवर, त्यातले ४५ माणसांचे, म्हणजे ३६ टक्के. यंत्राचे लेख शंभराऐवजी वीसच असले तर अडकलेल्यांत निर्दोषांचंच बहुमत होतं. ‘साधन ९५ टक्के अचूक आहे’ अशी जाहिरात वाचताना हे गणित कागदावर मांडून पाहावं. पडद्यावरचे ‘८७ टक्के’ म्हणजे हा लेख यंत्राचा असण्याची शक्यता ८७ टक्के, असंही नसतं. काही साधनांत तो मजकुराच्या किती भागावर संशय आहे याचा आकडा असतो, काहींत वर्गीकरणाचा अंतर्गत गुण. साधनाच्या मदतपानावर हे लिहिलेलं असतं, पण ते कुणी वाचत नाही.

चॅटबॉटलाच ‘हे तू लिहिलंस का?’ असं विचारणं पूर्णपणे निरुपयोगी. त्याच्याकडे सगळ्यांना दिलेल्या उत्तरांची अशी कुठली वही नसते. समोर येईल त्याला तो हो म्हणू शकतो, आपणच लिहिलेल्याला नाही म्हणू शकतो.

वॉटरमार्कचं तत्त्व चांगलं आहे. मजकूर तयार होतानाच मॉडेल एका गुप्त किल्लीनुसार काही शब्दांकडे किंचित झुकतं आणि तीच किल्ली असलेला माणूस नंतर तो झुकाव मोजतो. गूगल डीपमाइंडची ‘सिंथआयडी’ ही पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. पण किल्ली त्या त्या कंपनीचीच, मजकुराची फेरमांडणी किंवा भाषांतर केलं की खूण पुसट होते, आणि खूण नसलेल्या मजकुराबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

लेखकाचं जुनं लेखन मिळत असेल तर त्याच्याशी तुलना डिटेक्टरपेक्षा बरी. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या अठराव्या शतकातल्या अमेरिकन लेखमालेतल्या वादग्रस्त निबंधांचा लेखक ठरवला तो छोट्या, बिनमहत्त्वाच्या शब्दांच्या मोजणीवरून. मराठीत ‘आणि’ की ‘व’, ‘पण’ की ‘परंतु’ की ‘मात्र’, ‘म्हणून’ की ‘त्यामुळे’, ‘च’ किती वेळा येतो, वाक्य ‘की’नं किती वेळा फुटतं, हे दर हजार शब्दांमागे मोजायचं. जुनं लेखन निदान चार-पाच हजार शब्दांचं आणि त्याच प्रकारचं हवं. एखाद्याची पत्रं आणि त्याचाच अहवाल शेजारी ठेवले तर माणूस तोच असूनही आकडे जुळत नाहीत.

शेवटी लेखकाशी बोलणं. सोबत एक तिसरा माणूस बसवायचा आणि प्रश्न आधीच लिहून ठेवायचे. ‘तुम्ही एआय वापरलं का?’ हा प्रश्न पहिला ठेवला की समोरचा ताठ होतो आणि बोलणं तिथेच संपतं. आम्ही समासातल्या खुणांपासून सुरुवात करतो. इथे ताण योग्य ठेवा म्हटलंय, योग्य म्हणजे किती? हे उदाहरण कुठून घेतलंत? काय लिहून मग काढून टाकलंत? यातली कोणती गोष्ट चुकीची असू शकते असं तुम्हाला वाटतं? स्वतः लिहिलेल्या माणसाला काढून टाकलेला भाग सहसा आठवतो आणि तो त्याबद्दल अंमळ जास्तच बोलतो. काही जण लेखातल्या परिच्छेदातला दर पाचवा शब्द गाळून लेखकाला भरायला लावतात. लेख ताजा असेल तर ती युक्ती चालते. महिन्याभरानंतर स्वतःचेही शब्द आठवत नाहीत, आणि लाजाळू माणूस दडपणाखाली काहीच भरू शकत नाही, म्हणून तिच्यावर निकाल टांगायचा नाही.

नोंद लिहिताना पाहिलेली गोष्ट आणि तिच्यावरून काढलेला अंदाज वेगळे ठेवतो. ‘फाइलमध्ये एकच आरएसआयडी, टोटलटाइम ३ मिनिटं, संदर्भ क्रमांक ४ आणि ७ अस्तित्वात नाहीत, पान ३ वरच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही’ अशी नोंद दुसरा कुणीही पुन्हा तपासू शकतो. डिटेक्टर वापरला असेल तर साधनाचं नाव, आवृत्ती, तारीख, दिलेला नेमका मजकूर आणि आपल्या चाचणीत त्यावर आलेले खोटे ठपके हे आकड्याच्या शेजारीच लिहायचं. साधनं गुपचूप बदलत असतात. तोच लेख काही महिन्यांनी पुन्हा घातला तर वेगळा आकडा येतो, आणि लेखकानं दाद मागितली की पहिला प्रश्न नेमका त्यावरच विचारला जातो.